परवानगी कोणाची आणि पैसा कोणाचा?



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटांत आरोग्यविम्याचें एक विमापत्र जपून ठेवलेलें असतें. वर्षाकांठीं हप्ता भरतांना तें बाहेर निघतें, नवी पावती त्यांत घातली जाते, आणि पुन्हां तें आपल्या जागीं जातें. कोणत्या दुखण्याला किती पैसे मिळतात हें आपण हौसेनें वाचतों; पैसे कशाकशाला मिळत नाहींत हें सांगणारें बारीक टाइपाचें पान मात्र बहुधा वाचावयाचें राहून जातें. सवड झाल्यास तें पान एकदां उघडून पाहा. ज्या विमापत्रांत बाळंतपणाची सोय वेगळी घेतलेली नाहीं, त्यांत वगळलेल्या गोष्टींच्या यादींत बाळंतपणाच्या शेजारींच कायदेशीर गर्भपाताचाहि उल्लेख सामान्यतः आढळेल.

यांतील 'कायदेशीर' हा शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९६४ सालीं भारत सरकारनें या विषयाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष त्या वेळचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा हे होते. समितीचें प्रतिवृत्त १९६६ सालीं आलें, १९७१ सालीं कायदा झाला, आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलांत आला. ज्याला कायद्यानें तेव्हांच होकार दिला, त्याला विमापत्र आजहि नकार देतें. यांत कायद्याचा भंग मुळींच नाहीं. परवानगी देणें ही एक गोष्ट आहे आणि पैसे देणें ही दुसरी. परंतु या दोन गोष्टींमध्यें केवढें अंतर पडूं शकतें, आणि त्या अंतरांत नेमकें कोण सांपडतें, हें जगांत सर्वांत ठळकपणें दिसून आलें तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. तेथें या एकाच प्रश्नावर अर्धशतकभर वाद चालत आला आहे. तो इतिहास आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे.

अमेरिकेंत वैद्यकीय खर्चाची तरतूद बहुतांशीं नोकरीबरोबर येते. मालक आपल्या नोकरांचा विमा उतरवितो. ज्यांना तशी नोकरी नाहीं त्या गरिबांसाठीं दीर्घ काळ कांहींच निश्चित सोय नव्हती. ३० जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं एका मोठ्या कायद्यावर सही केली, आणि वृद्धांसाठीं मेडिकेअर व गरिबांसाठीं मेडिकेड अशा दोन योजना जन्मास आल्या. मेडिकेडची घडण अशी आहे कीं, खर्चाचा वाटा केंद्र सरकार व राज्य सरकार या दोघांनीं उचलावयाचा, नियमांची चौकट केंद्रानें आंखावयाची, आणि कारभार राज्यानें पाहावयाचा. या कायद्यांत गर्भपाताचा उल्लेख नव्हता, व असण्याचें कारणहि नव्हतें; कारण त्या वेळीं आईचा जीव वांचविण्यासारखे थोडे अपवाद सोडले तर सर्व राज्यांत गर्भपात हा गुन्हाच होता.

ही स्थिति लवकरच पालटूं लागली. १९६७ सालीं कोलोरॅडो राज्यानें आपला कायदा सैल केला. १९७० सालीं न्यूयॉर्कनें त्याहून पुढचें पाऊल टाकलें. अखेर २२ जानेवारी १९७३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 'रो विरुद्ध वेड' या खटल्यांत सात विरुद्ध दोन मतांनीं असा निर्णय दिला कीं, गर्भपाताचा निर्णय घेण्याचा स्त्रीचा हक्क राज्यघटनेच्या संरक्षणाखालीं येतो. त्यानंतर मेडिकेड ही योजना इतर वैद्यकीय उपचारांप्रमाणें या उपचाराचीहि देयकें भागवूं लागली. थोड्याच वर्षांत, केंद्राच्या पैशांतून ज्यांचा खर्च भागला अशा गर्भपातांची संख्या वर्षाला सुमारें तीन लक्षांवर गेली. हक्क न्यायालयानें दिला होता, आणि त्याची किंमत तिजोरी चुकवीत होती.

येथें हेन्री हाइड यांचा प्रवेश होतो. इलिनॉय राज्यांतून १९७४ च्या निवडणुकींत ते प्रथमच प्रतिनिधिगृहावर निवडून आले होते. न्यायालयाचा निकाल त्यांना अत्यंत अधर्म्य वाटत होता. परंतु घटनेचा अर्थ लावणाऱ्या न्यायालयाचा निकाल साध्या कायद्यानें फिरवितां येत नाहीं. तेव्हां त्यांनीं दुसरी वाट शोधली. अमेरिकन कायदेमंडळापुढें दरवर्षीं निरनिराळ्या खात्यांच्या खर्चाचीं विधेयकें येतात आणि तीं मंजूर झाल्यावांचून त्या खात्यांना पैसा मिळत नाहीं. अशा विधेयकाला एखादें कलम जोडून दिलें, म्हणजे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा या न्यायानें तेंहि पार पडतें. हाइड यांनीं १९७६ सालीं आरोग्य खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला अशीच एक उपसूचना जोडली: या विधेयकांतील पैसा गर्भपातासाठीं वापरूं नये. सीनेटनें ओढाताण करून 'आईच्या जिवाला धोका असल्यास' एवढा एक अपवाद तींत घातला. अध्यक्ष फोर्ड यांनीं खर्च फार वाढतो म्हणून सबंध विधेयकच नाकारलें. पण सप्टेंबर १९७६ च्या अखेरीस कायदेमंडळानें तो नकार डावलून विधेयक मंजूर केलें, आणि हाइड-दुरुस्ती जन्मास आली.

हाइड यांच्याविषयीं एक गोष्ट मान्य केली पाहिजे: त्यांनीं आपला हेतु लपविला नाहीं. पुढील वर्षीं सभागृहांत बोलतांना त्यांनीं सांगून टाकलें कीं, कायद्यानें शक्य असतें तर श्रीमंत, मध्यमवर्गीय वा गरीब अशा कोणत्याहि स्त्रीचा गर्भपात आपण होऊं दिला नसता. दुर्दैवानें हाताशीं असलेलें साधन मेडिकेडचें विधेयक हें एकच आहे. या स्पष्टोक्तींतच पुढील सगळ्या इतिहासाचें बीज आहे. सर्वांसाठीं जें करतां येत नव्हतें तें गरिबांपुरतें करतां येत होतें. कारण गरिबांचाच खर्च तेवढा सरकारच्या वहींत लिहिलेला होता.

न्यूयॉर्कच्या एका केंद्रीय न्यायाधीशानें ही दुरुस्ती तात्पुरती स्थगित केली. परंतु जून १९७७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या दोन खटल्यांत, राज्यांनीं अशा गर्भपाताचा खर्च दिलाच पाहिजे असें नाहीं, असा निर्णय दिला, आणि ऑगस्टमध्यें स्थगिति उठली. त्याच जुलै महिन्यांत अध्यक्ष कार्टर यांना एका वार्ताहर स्त्रीनें प्रश्न केला कीं, श्रीमंत स्त्रीला जें मिळतें तें गरीब स्त्रीला मिळूं नये हें न्याय्य आहे काय? जें श्रीमंतांना परवडतें व गरिबांना परवडत नाहीं, असें जीवनांत पुष्कळ आहे आणि तें न्याय्य नसतें, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. कार्टर हे कठोर मनाचे गृहस्थ नव्हते. म्हणूनच हें उत्तर लोकांच्या फार दिवस स्मरणांत राहिलें.

त्या उत्तराला तीन महिने होतात न होतात तोंच टेक्सस राज्यांत, मेक्सिकोच्या सीमेवरील मॅकॅलन या गांवीं, सत्तावीस वर्षांची एक तरुण माता रुग्णालयांत मृत्यु पावली. ती शिक्षिका होण्यासाठीं शिकत होती आणि मेडिकेडवर अवलंबून होती. मेडिकेडचें दार बंद झालेलें असल्यामुळें ती परवाना नसलेल्या माणसाकडे थोडक्या पैशांत गर्भपात करवून घेण्यास गेली, आणि रक्तांत विष पसरून तिचा अंत झाला. तिच्या थैलींत शिष्यवृत्तीचा ७०० डॉलरांचा धनादेश होता, असें तिच्याविषयीं लिहिणाऱ्यांनीं नोंदवून ठेवलें आहे. सुरक्षित उपचाराला त्या पैशांपेक्षां कमीच लागले असते. पण ते पैसे शिक्षणाचे म्हणून तिनें राखून ठेवले होते.

इकडे कायदेमंडळांत दुरुस्तीच्या शब्दांवरून दोन सभागृहांत अनेक महिने झगडा चालला. डिसेंबर १९७७ मध्यें तडजोड झाली: जिवाचा धोका, वेळेवर कळविलेला बलात्कार अथवा आप्तसंबंधांतील अत्याचार, आणि दोन डॉक्टरांनीं प्रमाणित केलेली प्रकृतीची गंभीर व दीर्घकालीन हानि, इतके अपवाद मान्य झाले. १९७९ सालीं प्रकृतीचा अपवाद गळला. १९८१ सालीं बलात्काराचाहि गळला, आणि पुढील बारा वर्षें जिवाचा धोका एवढाच उरला. १९९३ सालीं बलात्कार व आप्तसंबंध हे दोन अपवाद परत आले, ते अद्याप टिकून आहेत. श्रोत्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, हा कायमचा कायदा नव्हेच. दरवर्षीं खर्चाच्या विधेयकाबरोबर तो नव्यानें मंजूर व्हावा लागतो, आणि १९७६ पासून तो दरवर्षीं होत आला आहे. पन्नास वर्षांचें हें भिजत घोंगडें कोणी वाळत घातलें नाहीं, आणि कोणी टाकूनहि दिलें नाहीं.

न्यायालयांतील मोठी लढाई १९८० सालीं झाली. ज्या न्यायाधीशानें आधीं स्थगिति दिली होती त्या जॉन डूलिंग यांनीं दीर्घ चौकशीनंतर त्या वर्षाच्या जानेवारींत ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. आरोग्य खात्याच्या मंत्री या नात्यानें खटल्यांत ज्यांचें नांव लागलें त्या पॅट्रिशिया हॅरिस या अमेरिकेच्या मंत्रिमंडळांतील पहिल्या कृष्णवर्णी स्त्री होत्या, हाहि इतिहासाचा एक विचित्र योग. ३० जून १९८० रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल लागला व दुरुस्ती कायम राहिली.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ति पॉटर स्ट्युअर्ट यांनीं लिहिला. त्याचें सार असें कीं, हक्काच्या वाटेंत सरकारनें स्वतः अडथळा घालूं नये. पण जो अडथळा सरकारनें निर्माण केलेला नाहीं तो दूर करण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं, आणि दारिद्र्य हा या दुसऱ्या प्रकारचा अडथळा आहे. विरोधी मताच्या चार न्यायमूर्तींत ब्रेनन व मार्शल हे होते, तसेंच 'रो' खटल्याचा निकाल लिहिणारे ब्लॅकमनहि होते. त्यांचें म्हणणें असें कीं, गरीब स्त्रीच्या बाळंतपणाचा सर्व खर्च सरकार देतें आणि गर्भपाताचा मात्र देत नाहीं. तेव्हां सरकार तटस्थ राहिलेलें नाहीं, तर तिच्या गरिबीचा उपयोग करून तिला एका बाजूला ढकलीत आहे.

या वादांत दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट ऐकलें पाहिजे. गर्भपात म्हणजे जीवहत्या असें ज्याला मनापासून वाटतें, त्याच्या करांतून तो करवावा हें त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला टोंचतें. ही टोंचणी खोटी नाहीं, आणि तिची टर उडविणें अन्यायाचें होईल. परंतु लोकसत्ताक राज्यांत करदात्याला आपला एकेक पैसा कोठें जावा हें ठरवितां येत नाहीं. युद्धाला अधर्म मानणाऱ्याच्या करांतूनहि तोफा विकत घेतल्या जातात. मग सदसद्विवेकबुद्धीचा एवढा मान या एकाच खर्चाच्या वेळीं कां राखला जावा? आणि तो राखण्याची किंमत ज्यांचा राज्यकारभारांत सर्वांत कमी आवाज, त्यांनींच कां भरावी? या प्रश्नांना स्ट्युअर्ट यांच्या निकालांत उत्तर मिळत नाहीं. तेथें इतकेंच सांगितलें आहे कीं, हे प्रश्न न्यायालयाचे नव्हेत, कायदेमंडळाचे आहेत.

एकदां तत्त्व मान्य झाल्यावर तें गरिबांपुरतें राहिलें नाहीं. सैनिक व त्यांचीं कुटुंबें, केंद्र सरकारचे नोकर, तुरुंगांतील स्त्रिया, आणि ज्यांचें वैद्यकीय साहाय्य सरकारकडूनच येतें त्या मूळच्या रहिवासी जमाती, या सर्वांवर त्याच धर्तीचे निर्बंध आले. राजधानी वॉशिंग्टन शहराला तर १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून, मधलीं थोडीं वर्षें सोडतां, स्वतःच्या स्थानिक करांचा पैसाहि या कामीं वापरण्याची मनाई झाली. पुढें कांहीं राज्यांनीं खाजगी विम्यालाहि हात घातला. ज्या विम्यांत सरकारचा एक पैसा नाहीं, जो मालक आणि नोकर मिळून भरतात, त्यांतूनहि गर्भपात वगळावा, हवा असेल त्यानें वेगळा जोडविमा घ्यावा, असे कायदे झाले.

मिशिगन राज्यांतील हकीकत या बाबतींत बोलकी आहे. तेथें २०१२ सालीं असें विधेयक मंजूर झालें, तें राज्यपाल रिक स्नायडर यांनीं स्वतः रिपब्लिकन पक्षाचे असूनहि नाकारलें. तेव्हां त्याच्या पुरस्कर्त्यांनीं नागरिकांच्या सह्या गोळा करून तोच मजकूर कायदेमंडळापुढें आणला. या मार्गानें आलेल्या कायद्याला राज्यपालांची सही लागत नाहीं. डिसेंबर २०१३ मध्यें चर्चा चालू असतां सीनेटांतील विरोधी पक्षाच्या नेत्या ग्रेचेन व्हिटमर यांनीं, आपल्यावर महाविद्यालयांत असतांना बलात्कार झाला होता, ही गोष्ट सभागृहांत उभ्या राहून सांगितली. जी आपत्ति आपल्यावर येईल असें कोणतीहि स्त्री धरून चालत नाहीं, तिचा वेगळा विमा ती आधीं कसा उतरविणार, हा त्या वादांतला मुख्य प्रश्न होता. कायदा तरीहि मंजूर झाला. दहा वर्षांनीं, डिसेंबर २०२३ मध्यें, तो रद्द करणाऱ्या विधेयकावर राज्यपाल म्हणून सही करण्याची वेळ आली ती याच व्हिटमर यांच्यावर.

अध्यक्ष ओबामा यांच्या कारकीर्दींत, २००९-१० सालीं, विमा नसलेल्या लक्षावधि लोकांना विमा देणारा कायदा होऊं घातला; तो या एका प्रश्नावर बुडतो कीं काय असें वाटूं लागलें. अखेर तडजोड झाली ती मोठी चमत्कारिक होती. सरकारी साहाय्य मिळणाऱ्या विम्यांत गर्भपाताचा समावेश असल्यास विमा-कंपनीनें त्यापुरता हप्ता वेगळा धरावा, तो महिन्याला निदान १ डॉलर असावा, आणि त्या पैशाचा हिशेब निराळ्या खात्यांत ठेवावा, असें ठरलें. ज्या राज्याला असा विमा नको असेल त्यानें तो मनाई करावा, अशीहि मुभा ठेवली; आणि सुमारें निम्म्या राज्यांनीं ती घेतली. एका नैतिक प्रश्नाची बोळवण अखेर जमाखर्चाच्या दोन रकान्यांत झाली.

याच्या उलट प्रवाहहि वाहत होता. हाइड-दुरुस्ती केंद्राच्या पैशाला बांधते, राज्याच्या पैशाला बांधत नाहीं. १९८१ सालीं कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स आणि १९८२ सालीं न्यू जर्सी येथील वरिष्ठ न्यायालयांनीं आपापल्या राज्याच्या घटनेच्या आधारें ठरविलें कीं, बाळंतपणाचा खर्च देऊन गर्भपाताचा नाकारणें योग्य नाहीं. तेथें राज्याच्या तिजोरींतून हा खर्च होऊं लागला. २०१७ सालीं खुद्द हाइड यांच्या इलिनॉय राज्यांत, ब्रूस राउनर या रिपब्लिकन राज्यपालांच्याच सहीनें, तसा कायदा झाला. हाइड त्यापूर्वींच, २००७ सालीं, निवर्तले होते.

परवानगी आणि पैसा यांची ही फारकत केवळ अमेरिकेंतच झाली असें मात्र नाहीं. फ्रान्समध्यें सिमोन वेल यांच्या प्रयत्नानें जानेवारी १९७५ मध्यें गर्भपाताला कायद्याची मान्यता मिळाली. पण सामाजिक विम्यांतून त्याचा खर्च परत मिळण्यास १९८२ सालच्या अखेरचा दुसरा कायदा व्हावा लागला. जर्मनींत मे १९९३ मध्यें घटना-न्यायालयानें असें ठरविलें कीं, जो गर्भपात शिक्षेस पात्र नाहीं पण कायद्याच्या दृष्टीनें समर्थनीयहि नाहीं, त्याचा खर्च सार्वजनिक विम्यानें देऊं नये. मात्र गरीब स्त्रियांचा खर्च सरकारी निधींतून भागविण्याची वाट तेथें मोकळी ठेवली गेली. अमेरिकेंत गरिबाचाच खर्च प्रथम बंद झाला. जर्मनींत तोच तेवढा चालू राहिला. दोन्हीकडे गर्भपाताविषयींची साशंकता एकच होती. तिचें ओझें कोणावर टाकावयाचें, हें मात्र दोघांनीं वेगवेगळें ठरविलें.

२४ जून २०२२ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७३ चा निकालच रद्द केला, आणि परवानगीचा प्रश्न पुन्हां राज्याराज्यांकडे गेला. आतां पुष्कळ स्त्रियांना शेंकडों मैलांचा प्रवास करून दुसऱ्या राज्यांत जावें लागतें. प्रवासभाडें, राहण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, मागें ठेवलेल्या मुलांची व्यवस्था, हें सर्व उपचाराच्या खर्चावर चढतें. ज्यांच्यापाशीं पैसा आहे त्यांना मनाई ही अडचण आहे. ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांना ती भिंत आहे. परंतु मेडिकेडवरील स्त्रियांना हा अनुभव नवा नव्हता. हक्क अबाधित असतांनाहि तो त्यांच्या हातीं पूर्णपणें कधीं आलाच नव्हता. अशा स्त्रियांसाठीं वर्गणी गोळा करणारे लहानमोठे निधि लोकांनीं गांवोगांवीं पूर्वींपासून चालविले होते, आणि १९९३ सालीं त्यांचा एक देशव्यापी संघहि झाला होता.

आतां पुन्हां आपल्या कपाटांतील विमापत्राकडे वळूं. आपल्याकडे हा प्रश्न इतका पेटलेला नाहीं. सरकारी रुग्णालयांत ही सोय विनामूल्य वा अल्प खर्चांत मिळावी असें धोरण आहे. आणि ज्या विमापत्रांत बाळंतपणाची सोय वेगळी घेतलेली असते, त्यांत कायदेशीर गर्भपाताचाहि खर्च धरलेला असूं शकतो. तरीहि त्या बारीक टाइपाच्या ओळीवर आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाहीं. अमेरिकेंत तिच्यावर भांडण झालें, खटले झाले, निवडणुका लढल्या गेल्या. त्यामुळें निदान ती कोणी लिहिली, कां लिहिली, आणि तिची किंमत कोणीं मोजली, हें सर्वांना ठाऊक तरी झालें.

सुशिक्षित कुटुंबांत कायद्याची चर्चा पुष्कळ होते. स्त्रीला कोणता हक्क असावा, कोणता नसावा, यावर घरोघर मतें मांडलीं जातात, आणि तीं निरनिराळीं असणें स्वाभाविक आहे. परंतु मत कोणतेंहि असो, या इतिहासावरून एक संवय लावून घेण्यासारखी आहे. एखादा हक्क मिळाला किंवा गेला असें कानावर आलें, म्हणजे कायद्याचें पान वाचून थांबूं नये. त्याच्यामागून खर्चाचेंहि पान उलटून पाहावें. मॅकॅलनच्या त्या विद्यार्थिनीला कायद्याच्या पानानें जें दिलें होतें तें खर्चाच्या पानानें काढून घेतलें, आणि तें पान तिनें कधीं वाचलेंहि नसेल.